क्रिएटिनिन १.५ वरून १.८ झालं, मग हृदयाच्या गोळ्या बंद करायच्या का?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६२ वर्षांचे, दारव्हा तालुक्यातल्या गावात राहतात, मधुमेह १४ वर्षांपासून. पायांवर सूज होती, रात्री आडवं झालं की दम कोंडायचा आणि उठून बसावं लागायचं. टू-डी इकोत पंपिंग ५५ टक्के, क्रिएटिनिन (किडनी नीट गाळते का ते सांगणारी रक्ततपासणी) १.५. यवतमाळच्या फिजिशियननी टॉरसेमाइड २० (लघवीची गोळी), टेल्मिसार्टन ४० (बीपीची) आणि डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम (शुगरची) सुरू केलं. तीन आठवड्यांत सूज उतरली, वजन ६८ वरून ६४ किलो झालं, आता ते सपाट झोपतात. पण क्रिएटिनिन १.८ आलं, पोटॅशियम ४.९. गावात सगळ्यांचं एकच म्हणणं, या गोळ्या किडनी खातात, बंद करा. मुलाचे प्रश्न दोन: गोळ्या बंद करू का? आणि मूळ बिघाड हृदयाचा की किडनीचा?

बंद करू नका. या रिपोर्टवरून तरी नाही. तीन आठवड्यांपूर्वी बसून झोपणारा माणूस आज सपाट झोपतो, हा रिपोर्टसुद्धा क्रिएटिनिनच्या रिपोर्टइतकाच खरा आहे. दोन्ही एकत्र वाचायचे असतात.

दोन्ही किडन्यांचं वजन मिळून जेमतेम ३०० ग्रॅम, पण हृदय जेवढं रक्त फेकतं त्यातला साधारण पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी त्या गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. हृदय थकलं की किडनीकडे रक्त कमी पोचतं, हे लोकांना पटकन समजतं. त्याहून मोठा त्रास मात्र उलट बाजूनं होतो, तो कोणी सांगत नाही. हृदयात रक्त तुंबलं की मागच्या शिरांमध्ये दाब वाढतो, आणि किडनीतून बाहेर पडणारं रक्त अडतं. नाल्याकाठचं वावर चिबडतं तेव्हा पाणी कमी पडलं म्हणून पीक पिवळं पडत नाही, निचरा होत नाही म्हणून पडतं. सुजलेल्या माणसाची किडनी बहुतेक वेळा अशी चिबडलेली असते. म्हणून लघवीची गोळी देऊन पाणी काढलं की कित्येकांचं क्रिएटिनिन उलट खाली येतं.

मग तुमच्या वडिलांचं वर का गेलं? त्याचं कारण मधुमेहात आहे. किडनीत रक्त गाळणारी लाखो बारीक चाळणींसारखी जाळी असतात. प्रत्येकीला रक्त आणणारी एक वाट आणि नेणारी एक वाट. मधुमेहात गाळलेल्या पाण्यात साखर जास्त येते. पुढच्या नळीत ती साखर परत ओढली जाते आणि तिच्यासोबत सोडियमही ओढलं जातं. पुढे सोडियम कमी पोचलं की किडनीचा गैरसमज होतो, तिला वाटतं रक्तच कमी येतंय. ती आणणारी वाट आणखी उघडते, चाळणीवरचा दाब वाढतो, आणि वर्षानुवर्षं हा दाब सोसून चाळण्या एकेक करून निकामी होतात. ओढलेलं सोडियम आणि त्यामागचं पाणी रक्तात राहतं, त्याचा भार हृदयावर येतो.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आणणारी वाट आवळतं. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल नेणारी वाट सैल करतं. दोन्हींनी चाळणीवरचा दाब उतरतो. दाब उतरला की सुरुवातीच्या दोन-चार आठवड्यांत गाळणं थोडं कमी होतं, क्रिएटिनिन थोडं चढतं आणि मग तिथेच टिकतं. जास्त दाबानं धावणारी किडनी सावकाश चालू लागली, असं समजा. तुमच्याकडे दोन्ही गोळ्या एकदम सुरू झाल्या, वर चार किलो पाणीही निघालं. अशा वेळी क्रिएटिनिन अजिबात वाढलं नसतं तरच नवल.

किती वाढ चालते? चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंत. १.५ च्या ३० टक्के म्हणजे ०.४५, म्हणजे १.९५ पर्यंत. १.८ ही २० टक्के वाढ झाली. वय धरून हिशोब केला तर ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, साधारण ५२ वरून ४२ वर आला. हे डायलिसिसच्या जवळपासही नाही.

वाढ ३० टक्क्यांच्या वर गेली, तरी पहिली कात्री कशाला लावायची हे ठरलेलं आहे. चक्कर येते, उभं राहिल्यावर बीपी पडतं, जीभ कोरडी, वजन ठरलेल्या आकड्याच्याही खाली गेलेलं, अशी चिन्हं असतील तर आधी टॉरसेमाइड कमी होतं. ते लक्षण घालवणारं औषध आहे, पाणी निघून गेलं की त्याची मात्रा कमी करायचीच असते. टेल्मिसार्टन आणि डापाग्लिफ्लोझिन पुढची दहा वर्षं सांभाळणारी औषधं आहेत. प्रत्यक्षात गावात नेमकं उलट होतं: लघवी होते म्हणून टॉरसेमाइड ‘चांगली गोळी’ ठरते, ती चालू राहते आणि बाकीच्या दोन बंद होतात. याइतकं वाईट गणित दुसरं नाही. त्यातही मात्रा डॉक्टरांनीच बदलावी, मेडिकलवाल्यानं नव्हे. या सगळ्याउपर क्रिएटिनिन चढतच राहिलं, तर किडनीच्या रक्तवाहिनीत अडथळा किंवा प्रोस्टेटमुळे लघवी तुंबणं शोधायला सोनोग्राफी लागते. साठीच्या पुरुषात प्रोस्टेट विसरू नये.

पंपिंग ५५ टक्के असून दम का लागतो, हे बहुतेकांना कोडं वाटतं. हे पंपिंग, म्हणजे रिपोर्टवरचा ईएफ, हा हृदय किती रिकामं होतं याचा हिशोब आहे, किती सहज भरतं याचा नाही. मधुमेह, बीपी आणि किडनीचा आजार एकत्र असला की हृदयाचा स्नायू जाड आणि ताठ होतो. आकुंचन नीट, पण सैल पडणं नीट नाही. इकोच्या कागदावर फक्त ईएफ पाहू नका. डावा वरचा कप्पा, म्हणजे लेफ्ट एट्रियम, मोठा लिहिला आहे का, स्नायूची जाडी किती आणि ‘डायस्टोलिक डिसफंक्शन’ (सैल पडण्यातला बिघाड) ग्रेड दोन किंवा तीन आहे का, ते पाहा. या प्रकारच्या हार्ट फेल्युअरवर बराच काळ खात्रीचं औषध नव्हतं. २०२१ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या आणि २०२२ मध्ये डापाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचण्यांत हॉस्पिटलमध्ये भरती होण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. किडनीसाठीचा फायदा त्याआधी, २०२० च्या डापा-सीकेडी चाचणीत, सिद्ध झाला होता. त्यामुळे शुगर आटोक्यात आहे म्हणून ही गोळी बंद करायची नसते. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की शुगर उतरवण्याची तिची ताकद तशीही कमी होते, पण हृदय-किडनीचं काम चालू राहतं. पेटंट संपल्यावर किमतीही बऱ्याच उतरल्या आहेत, जनऔषधी केंद्रात विचारून पाहा.

मूळ बिघाड कुठला, याचं उत्तर सरळ ‘हा’ किंवा ‘तो’ असं मिळत नाही. पण एक स्वस्त तपासणी बरंच सांगते: सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, यूएसीआर. ३० (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) च्या आत ठीक, ३० ते ३०० किडनीला झळ लागलेली, ३०० च्या वर म्हणजे मधुमेहानं चाळण्या खरोखर खराब केल्या आहेत. प्रमाण कमी असताना क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर दोष हृदयाकडे किंवा गोळ्यांकडे जास्त झुकतो. ताप असताना, लघवीला जंतुसंसर्ग असताना किंवा अंग सुजलेलं असताना ही तपासणी करू नका, आकडा फुगतो. आणि एकाच रिपोर्टवर शिक्का मारू नका. तीन ते सहा महिन्यांत तीनदा करून दोनदा वाढलेली आली तरच खरी माना.

क्रिएटिनिनचेही डाव आहेत. ते स्नायूंतून येतं. हाडकुळ्या मजुराचं किंवा ४५ किलोच्या बाईचं क्रिएटिनिन १.२ आलं, तर लॅबच्या कागदावर ते हद्दीत किंवा हद्दीला टेकलेलं दिसतं. ६२ वर्षांच्या बाईत १.२ म्हणजे ईजीएफआर फक्त ५१ च्या आसपास. आदल्या रात्री सावजी मटण झालं असेल तर आकडा वरच्या बाजूला सरकतो. पोटॅशियमचं आणखी वेगळं: रक्त तालुक्याला काढायचं, तपासायचं नागपूर-अमरावतीला, मधले आठ-दहा तास नळी प्रवासात. पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि रिपोर्ट ५.८ येतो. माणूस ठणठणीत आणि आकडा भीतीदायक असेल तर त्याच दिवशी, रक्त काढलं तिथेच तपासणाऱ्या लॅबमध्ये, मूठ न आवळता पुन्हा करा. पुन्हाही ६ च्या वर आलं तर थांबू नका, सरळ ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात जा.

आता गोळ्या खरंच किडनी खातात का? खातात, पण त्या या तीन नाहीत. गुडघे, कंबर दुखते म्हणून घेतलेलं डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन खातं. कापूस वेचणीच्या दिवसांत ही गोळी गावात शेंगदाण्यासारखी खाल्ली जाते, कुठे कुठे रोज इंजेक्शनही. ही औषधं किडनीकडे येणारी वाट आवळून टाकतात आणि मीठ-पाणी धरून ठेवतात. टेल्मिसार्टन, टॉरसेमाइड आणि त्यावर डायक्लोफेनॅक हे तिन्ही एकत्र आले की चार-पाच दिवसांत क्रिएटिनिन १.८ चं ४ होऊ शकतं आणि सूजही परत येते. दुखलं तर पॅरासिटामॉल, दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत. वेदनाशामक मलम थोड्या भागावर चालेल. ‘किडनी साफ करणारा’ काढा, भस्म, पुड्या हे सगळं बंद.

टाळायची दुसरी गोळी पायोग्लिटाझोन. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन अशी तिघांची एकत्र स्वस्त गोळी आपल्याकडे भरपूर चालते. पायोग्लिटाझोन पाणी साठवतं, हार्ट फेल्युअर असलेल्याला ते द्यायचंच नसतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात पाहा. शुगरचा डॉक्टर वेगळा, हार्टचा वेगळा, किडनीचा वेगळा, आणि तिघांच्या चिठ्ठ्या तीन पिशव्यांत. असं असलं की ही गोळी वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेस पडत नाही. सगळ्या स्ट्रिप्स एकाच पिशवीत टाकून प्रत्येक भेटीला नेत चला.

मेटफॉर्मिन ईजीएफआर ४५ च्या खाली गेलं की निम्मं (दिवसाला १ ग्रॅमपर्यंत), ३० च्या खाली बंद. तुमच्या वडिलांचं ४२ आहे, म्हणून हा प्रश्न पुढच्या भेटीत नक्की विचारा.

आणि एक फसवी गोष्ट. किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. मग शुगर आपोआप उतरते, पहाटे घाम फुटतो, हातपाय थरथरतात. घरचे म्हणतात, पथ्यानं साखर गेली! साखर गेली नाही, किडनी मागे पडली. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनची मात्रा कमी करायची ती वेळ असते. तीन महिन्यांची सरासरी, एचबीए१सी, इथे विदर्भात डोळे झाकून मानू नका. गडचिरोली-चंद्रपूरपासून आपल्याकडच्या बऱ्याच भागांत सिकलसेल आहे. त्यात लाल पेशी लवकर मरतात, म्हणून एचबीए१सी खोटं कमी येतं, आणि किडनीच्या आजारातल्या ॲनिमियातही ते विश्वासाचं राहत नाही. बोटातून काढलेल्या रक्ताची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची नोंद जास्त कामाची. हिमोग्लोबिन १० च्या आसपास असेल तर फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या तपासण्या करून घ्या. लोहाची कमतरता एकटीच दम वाढवते, आणि ती शिरेतून लोह देऊन भरून निघते.

खाण्यात सगळ्यात मोठा विषय मीठ. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, सगळं धरून. मोजायची सोपी युक्ती: घरात पाच मोठी माणसं असतील तर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे किलोची पुडी ४० दिवस पुरायला हवी. ती २० दिवसांत संपत असेल तर दुप्पट चाललंय. (बैलांना दिलेलं यात धरू नका.) आणि हे पापड, लोणचं, कुरड्या, सांडगे, फरसाण, तर्री-पोह्यातला चिवडा सोडून. ठेचा-भाकरीत ठेच्याचं मीठ भाकरीपेक्षा जास्त असतं. ठेचा करायचाच तर बिनमिठाचा, लिंबू-लसूण वाढवून. सैंधव म्हणजे कमी मीठ, हा गैरसमज, तेही सोडियमच. बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टनवर असलेल्या, ईजीएफआर ४२ च्या माणसासाठी ते धोक्याचं. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीच्या पाण्यातूनच मीठ पोटात जातं. तिथल्यांनी पिण्याला आणि स्वयंपाकाला नळयोजनेचं किंवा आरओचं पाणी वापरावं. खर्रा सोडायला सांगतो, कोणी सोडत नाही. तरी सांगतो: तंबाखू बीपी आणि नाडी दोन्ही चढवते, आणि हे हृदय ते झेलायच्या स्थितीत नाही.

संत्री बंद का? पोटॅशियम ५ च्या आत आहे तोवर दिवसाला एक संत्रं खाऊ द्या. ग्लासभर रस नको, त्यात चार-पाच संत्र्यांचं पोटॅशियम आणि साखर एकदम जाते. नारळपाणी रोजचं नको. डाळ बंद करू नका, रोजची वाटी-दीड वाटी तुरीची डाळ चालते. डाळ काढली की माणूस वाळतो आणि क्रिएटिनिन कमी झाल्याचा भास होतो.

पाण्याबाबत दोन्ही टोकाचे सल्ले फिरतात: किडनीसाठी चार लिटर प्या, आणि हार्टसाठी पाणी तोडा. दोन्ही नकोत. सूज नसताना तहानेप्रमाणे, साधारण दीड-दोन लिटर. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५-४६ वर जातो आणि वावरात घाम गळतो, तेव्हा हाच आकडा अपुरा पडतो. म्हणून वजन हा खरा काटा. रोज सकाळी, शौच-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. कापूस मोजायचा काटा नको, हजार रुपयांच्या आतला डिजिटल पुरतो. आज ६४ किलोवर सूज नाही, दम नाही, चक्कर नाही; हे त्यांचं ‘कोरडं वजन’ म्हणून भिंतीवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, दम लागायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. दोन किलो उतरलं आणि चक्कर येते तर टॉरसेमाइड कमी करायचं का, ते विचारा.

ओआरएस उन्हाळी पेय म्हणून रोज प्यायचं नाही. एका लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे दिवसाच्या कोट्याच्या निम्म्याहून जास्त. जुलाब-उलटी लागली तर मात्र तेच औषध, आणि तेव्हा नियम बदलतात. दिवसातून तीन-चारपेक्षा जास्त उलट्या-जुलाब, किंवा उन लागून खाणं-पिणं बंद, अशा दिवशी डापाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टन, टॉरसेमाइड आणि मेटफॉर्मिन तात्पुरती थांबवायची असतात. पोटात अन्न-पाणी नीट टिकू लागल्यावर २४ ते ४८ तासांनी परत सुरू. आता, तब्येत बरी असतानाच, हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. रात्री बारा वाजता कोणाला आठवत नाही. नवरात्रात नऊ दिवस कडक उपास करणाऱ्यांनीही डापाग्लिफ्लोझिन विचारल्याशिवाय चालू ठेवू नये. उपाशीपोटी शुगर साधी दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं, मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास सुरू होतो. ऑपरेशनच्या तीन दिवस आधीही ती थांबवतात. याच गोळीनं लघवीच्या जागी खाज किंवा बुरशी येते. रोज धुणं आणि कोरडं ठेवणं पुरतं, आलीच तर मलमानं जाते. लाजेपोटी गोळी सोडणारे खूप.

टॉरसेमाइड सकाळीच घ्या, नाहीतर रात्रभर उठावं लागेल आणि अंधारात पडायची भीती. सूज परत आली आणि तीच गोळी चालेनाशी झाली, तर त्याचं कारण बहुतेकदा मीठ, दुखण्याची गोळी किंवा सुजलेल्या आतड्यातून औषध न शोषलं जाणं असतं. तेव्हा काही दिवस शिरेतून द्यावं लागतं. त्यावर मेटोलॅझोन (लघवीचीच आणखी एक गोळी) घरच्या घरी जोडू नका, दोन दिवसांत सोडियम-पोटॅशियम धडाधड खाली येतं.

पुढची तपासणी: दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, त्याच लॅबमध्ये. १.७ ते १.९ मध्ये थांबलेलं असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा, सोबत यूएसीआर. ते ३० च्या वर आलं आणि पोटॅशियम ४.८ च्या आत उतरलं, तर फायनेरेनोन १० मिलिग्रॅमचा (किडनी-हृदय सांभाळणारी आणखी एक गोळी) विचार करता येतो, आज ४.९ वर घाई नको. बीपी घरी मोजा, १३०/८० च्या आत हवं. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) क्लिनिकमध्ये बीपी-शुगरची साधी औषधं मोफत मिळतात. भरती व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधीच विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.